जागच्या जागी ऐंशी

साहेबांनी काचेवर टिचक्या मारल्या तेव्हा कानसेन ऐंशीच्या वेगात होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. ऐंशी म्हणजे तासाला ऐंशी किलोमीटर, पण जागच्या जागी. कारखान्याच्या शेवटच्या टोकाला तीन बाजूंनी काच असलेली ती खोली होती. जमिनीत दोन रोलर बसवलेले. जोडणी पुरी झालेली नवी कोरी मोटारसायकल ढकलत आणायची, पुढचं चाक लोखंडी जबड्यात घट्ट अडकवायचं, मागचं चाक रोलरवर ठेवायचं, धुरासाठी सायलेन्सरला रबरी नळी लावायची आणि वर बसून पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत पळवायची. चाक फिरे, रोलर फिरे, गाडी तसूभर हलत नसे. समोर भिंतीत एक मोठा पंखा होता, तो इंजिन गार राहावं म्हणून तोंडावर वारा मारी. नव्वद सेकंदांचा सगळा मामला. त्यातली शेवटची वीस सेकंदं कानसेन डोळे मिटून घ्यायचा आणि नुसतं ऐकायचा. कार्डावर तसं काही लिहिलेलं नव्हतं, ती त्याची स्वतःची पद्धत होती, आणि तिच्यामुळेच त्याला कानसेन हे नाव पडलं होतं. पगाराच्या कागदावरचं खरं नाव आता कुणाला आठवत नसे. त्याने डोळे उघडले, इंजिन बंद केलं, कार्डावर शिक्का मारला आणि दार ढकललं. साहेब म्हणाले की ट्रॅकवाल्याची पाठ धरलीय, सकाळी अंथरुणातून उठताच येईना म्हणून घरून निरोप आलाय. दर चाळीस गाड्यांच्या लॉटमधली एक गाडी मागच्या ट्रॅकवर खरोखर फिरवून आणल्याशिवाय लॉट फाटकाबाहेर जात नाही, हे कानसेनला सांगायची गरज नव्हती. "तुम्हीच आणा की आज. एक चक्कर तर मारायची. तुमच्या हातचा मळ आहे," साहेब म्हणाले, आणि कानसेन बरं म्हणाला.

गोष्ट अशी होती, आणि ती कारखान्यात एकालाही ठाऊक नव्हती, की ऐन पंचविशीत लायसन्ससाठी पटांगणात मारलेल्या चार चकरा सोडल्या तर हा बाबा आयुष्यात कधी रस्त्यावर मोटारसायकल चालवत गेलेला नव्हता. या काचेच्या खोलीत सत्तावीस वर्षं झाली त्याला. रोजच्या सव्वाशे-दीडशे गाड्या त्याच्या मांडीखालून जात. एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशेबनिसाने गंमत म्हणून आकडेमोड करून दाखवली होती की कानसेनने बसल्या जागी पृथ्वीला तीस प्रदक्षिणा घातल्यात, आता थांबेल तर शपथ. सगळे पोट धरधरून हसले. कानसेनही हसला, आणि त्या दिवशी त्याला डबा गोड लागला नाही. तो कंपनीच्या बसने यायचा आणि बसने जायचा. लोक समजत, दिवसभर तेच केल्यावर माणसाला पुन्हा नकोसं होत असेल. त्याने तो समज कधी खोडून काढला नाही. खोडून काढायला काही खोटं तरी बोलावं लागतं नाहीतर खरं तरी, आणि त्याला दोन्ही जमत नव्हतं. नव्या गाडीचं नाव निघालं की तो तास तास बोले. कुठल्या गाडीचं फ्लायव्हील जड, कुठली चढाला दम टाकते, कुठल्या गाडीचा आवाज तिसऱ्या गिअरला माणसासारखा बदलतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस डोंगरदऱ्या पालथ्या घालून आलाय.

हेल्मेट आणायला तो कपाटाकडे गेला. हेल्मेट त्याच्याकडे होतं, नियमाप्रमाणे, वर्षानुवर्षं त्याच खणात, आतला स्पंज कडक झालेला. ते डोक्यात घातल्यावर बाहेरचा आवाज एकदम लांब गेला आणि स्वतःचा श्वास जवळ आला. त्याला उगाच काका आठवले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, पुढच्या खोलीत राहणारे. गावोगावचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि त्यासाठी म्हणून त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. घरात त्यावरून बरंच वाजलं होतं म्हणे. सहा वर्षांच्या याला त्यांनी पहिल्यांदा टाकीवर बसवलं तेव्हा टाकी उन्हाने तापलेली होती, मांड्या भाजल्या, पण याने हूं की चूं केलं नाही, कारण बोललो तर उतरवतील. मग खालून ती थरथर सुरू झाली. ती पायांतून नाही, पोटातून वर आली, दातांपर्यंत. काकांची हनुवटी याच्या डोक्यावर टेकलेली, दोन्ही बाजूंनी त्यांचे हात, तेलाचा आणि घामाचा वास, आणि समोर सगळं गाव असं दुभंगून दोन्ही अंगांनी मागे चाललेलं. त्या दिवशी त्याच्या मनात जे शिरलं ते कायमचंच. पुढे शाळेत, लग्नात, मुलगी झाली तेव्हासुद्धा, तो खूश झाला की त्याच्या पोटात तीच थरथर उठायची, आणि त्याला त्याची थोडी लाजही वाटायची. मुलगी झाल्यावर माणसाला मुलगी आठवावी, टाकी नव्हे.

तो नऊ वर्षांचा असताना काकांची गाडी एका दुपारी एका उभ्या ट्रकला मागून धडकली. काका वाचले, पण कंबरेखालचं सगळं गेलं. त्यानंतर अकरा वर्षं ते पुढच्या खोलीत पलंगावर होते आणि त्यांची मोटारसायकल खिडकीबाहेर, भिंतीला टेकून. ती विकायचं काढलं की काका जेवायचे बंद होत. मग ठरूनच गेलं की ती चालू राहायला हवी, आणि ते काम याच्याकडे आलं. रोज शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि किक मारायची. काका आतून ओरडायचे, प्लग ओला झालाय, काढून पूस. टॅपेट वाजतंय, उजवीकडचं. चेन सैल आहे, मला इथे कळतंय आणि तुला तिथे कळत नाही? त्याला खरंच कळत नसे. मग हळूहळू कळू लागलं. काका बघू शकत नव्हते, खिडकी पलंगाच्या डोक्याशी होती, त्यामुळे त्या दोघांमधलं सगळं बोलणं फक्त आवाजाचं होतं. डोळे मिटले की आपल्यालाही काकांइतकं ऐकू येतं, हे त्याने तिथेच शोधून काढलं. स्टँडवरची गाडी, हवेत फिरणारं मागचं चाक आणि आतून येणारा काकांचा खूश झालेला आवाज, आता बघ, आता कशी गातेय. याहून जास्त सुख असतं हे त्याला माहीतच नव्हतं. गाडी रस्त्यावर न्यायचं त्याच्या मनात यायचं नाही असं नाही. पण काका आत असताना ती घेऊन भुर्रकन निघून जायचं, हे काही त्याला बरोबर वाटत नसे.

आणि आई होती. त्या अकरा वर्षांत दिराचं हगणंमुतणं, कुशी वळवणं, पाठीला झालेल्या जखमा धुणं, सगळं तिने केलं. वडील कामाचं निमित्त करून बाहेर राहायला शिकले होते. आई कधी कुरकुरली नाही, पण तिचं हसू कुठेतरी ठेवल्या जागी हरवलं ते हरवलंच. काका गेले त्याच्या आठव्या दिवशी तिने भंगारवाल्याला बोलावून गाडी नेऊ दिली. हा वीस वर्षांचा घोडा दारात उभा राहून रडत होता. तेव्हा ती त्याला जे म्हणाली ते रागाने म्हणाली असती तर एक वेळ तो भांडला असता. ती नुसती दमलेली होती. "मी मेल्यावर काय करायचं ते कर. पण मी असेपर्यंत त्यावर बसून रस्त्यावर जाऊ नकोस. तुला काय होईल म्हणून नाही रे. माझ्यात आता आणखी एकाचं करायची ताकद नाही." त्याने मान डोलावली. पुढे कारखान्यात या खोलीची जागा निघाली तेव्हा त्याला वाटलं, देवच पावला. दिवसभर मोटारसायकलवर बसायचं आणि आईचा शब्दही मोडायचा नाही. त्याने घरी येऊन आईला रोलर, जबडा, सगळं हातवारे करून समजावून सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे घाण्याच्या बैलासारखं. पण बरंय, बैल घरी तरी येतो.

आई भरपूर जगली. ती गेली त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. तिच्यानंतर महिन्याभरात बायकोनेच विषय काढला होता. भाजी निवडता निवडता ती म्हणाली की आता तुम्ही एक घेऊनच टाका, किती वर्षं नुसते झुरताय, मीही बसेन मागे, मला काही भीती नाही. तिला वाटलं असणार, नवरा उडी मारेल. तो म्हणाला, बघू, नवीन मॉडेल येतंय. नवीन मॉडेल आलं, तेव्हा म्हणाला, पहिल्या वर्षाच्या गाड्यांत खोड्या असतात, स्थिरावू दे. मग म्हणाला, पार्किंगला जागा कुठेय. बायकोने सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून जिन्याशेजारची जागा मिळवली, तिथे खडूने त्यांच्या घराचा नंबरही लिहून घेतला. ती जागा रिकामीच राहिली. रोज संध्याकाळी बसमधून उतरून घरी येताना तो त्या रिकाम्या चौकोनाला वळसा घालून जिना चढायचा. आईचा शब्द होता तोवर तो अडकलेला होता, पण कशात अडकलोय हे त्याला ठाऊक होतं. आता दार सताड उघडं होतं आणि पाय निघत नव्हता. रात्रीचं जेवण झालं की बायको कधी कधी त्याच्याकडे बघत राहायची. तिने हल्ली विचारणं सोडून दिलं होतं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

ट्रॅक म्हणजे कारखान्याच्या मागे डांबराचा एक लांबट फेरा. सरळ जाणारा एक पट्टा, टोकाला वळण, परत येणारा पट्टा, पुन्हा वळण. सकाळचे साडेदहा वाजले असतील. साहेबांनी लॉटमधली एक गाडी काढून दिली, त्यानेच तासाभरापूर्वी खोलीत पास केलेली. टाकीला अजून कागद चिकटलेला होता. तो बसला. पहिली गोष्ट त्याला ही जाणवली की गाडी हलतेय. चालू केली म्हणून नव्हे, नुसती बसल्यावरच, डावीउजवीकडे, जिवंत माणसासारखी. सत्तावीस वर्षांत त्याच्या मांडीखाली गाडी अशी कधी डुलली नव्हती, जबडा तिला धरून ठेवायचा. त्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवले. मागे साहेब उभे होते, फाटकाशी दोन-चार जण चहाचे पेले घेऊन गंमत बघायला आलेले. आता नाही म्हणायची वेळ गेली होती. कॉलेजातल्या पोराने पोहण्याच्या तलावात उडी मारावी तशी त्याने क्लच सोडला.

आणि ती निघाली. काय सांगावं, ती खरोखरच निघाली. पहिला, दुसरा, हात आपोआप काम करत होते, हातांना सगळं येत होतं. डांबर खालून सुटून मागे जाऊ लागलं. वारा पंख्यासारखा समोरून सरळ येत नव्हता, तो बाजूने यायचा, थांबायचा, पुन्हा कानाशी भडभडायचा, त्यात सुकलेल्या गवताचा वास होता, मध्येच रंगखात्याचा. कुंपणाचे खांब एकेक करून त्याच्या अंगावर येऊन बाजूला होत होते. पोटात ती थरथर उठली. तीच, सहा वर्षांची. त्याला इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत तो मोठ्याने हसला, आणि आपल्याच हसण्याचा आवाज ऐकून दचकला. तिसरा. चौथा. सत्तर. ऐंशी. काटा ऐंशीवर स्थिर झाला, इंजिन एका सुरात लागलं, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने कानसेनने डोळे मिटले.

किती वेळ, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. कदाचित दोनच सेकंद. मिटल्या डोळ्यांमागे त्याला टॅपेट ऐकू आलं, चेन ऐकू आली, सगळं जागच्या जागी, कुठे काही खोट नाही, सुरेख गाडी. मग चाकाखाली खडीचा वेगळा आवाज आला, जो रोलरवर कधीच येत नसे. त्याने डोळे उघडले तर समोर डांबर नव्हतं, कुंपण होतं. त्याने पायाने मागचा ब्रेक दाबला. पुढचा ब्रेक हाताशी होता, पण खोलीत पुढचं चाक फिरतच नसे, त्या हाताला ते काम ठाऊकच नव्हतं. मागचं चाक घसरत गेलं, गाडी आडवी होता होता राहिली आणि वळणाच्या बाहेर, मातीत, कुंपणापासून हातभर अंतरावर बंद पडून उभी राहिली. धूळ उडाली आणि खाली बसली. फाटक इथून दिसत नव्हतं, मध्ये कोठाराची भिंत होती. कुणी पाहिलं नव्हतं. गाडीला ओरखडा नव्हता, त्यालाही नव्हता. पुन्हा स्टार्टर दाबायचा, वळण घ्यायचं आणि परत यायचं, एवढंच उरलं होतं. त्याने दाबलाही. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. पण पाय जमिनीवरून उचलेचना. त्याने पायाला शिव्या घातल्या, समजूत घातली, आईला आठवलं, तिच्यावरच रागावला. मला अडवायला तू होतीस तोपर्यंत किती बरं होतं ग, असं काहीतरी तो हेल्मेटच्या आत पुटपुटला. वळण समोर होतं, दहा पावलांवर, शाळकरी पोरगी सायकलवर हात सोडून घेईल एवढं सोपं वळण. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि गाडी ढकलत आल्या वाटेने परत निघाला.

ढकलत येणाऱ्या कानसेनला पाहून साहेबांचा चेहराच उतरला. काय झालं, असं त्यांनी विचारलं. ते गाडीबद्दल विचारत होते. त्याच्याबद्दल विचारावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि कानसेन म्हणाला, गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून आवाज येतोय. हे त्याने ठरवून म्हटलं नाही, ते तोंडात तयारच होतं. सकाळी तुम्हीच पास केली होतीत ना, साहेब म्हणाले, पण संशयाने नाही, नुसतं समजून घ्यायला. तो म्हणाला, खोलीत भार नसतो. रस्त्यावर भार आला की वाजतं. साहेबांनी लगेच मान डोलावली, फोन काढला आणि अख्खा लॉट थांबवला. त्याने कार्डावर नापास लिहून खाली सही केली. खोटी सही त्याने आजवर केलेली नव्हती. गाड्यांच्या बाबतीत तर कधीच नाही. माणसांशी थोडंफार इकडचं तिकडे चालतं, पण चांगल्या इंजिनाला वाईट म्हणणं, हे काका असते तर त्यांनी पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नसतं.

इंजिन उघडायचं काम ताईकडे होतं. ताई म्हणजे जोडणीखात्यातली फिटर, पस्तिशीची, हाताने जड पण कामाला चोख. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हे तिला कानसेननेच शिकवलं होतं. ती त्याला कानसेनकाका म्हणायची. तिने आधी गाडी स्टँडवर चालू करून ऐकलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, जागा बदलून ऐकलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही, कानसेनकाका. माझाच कान गेला बहुतेक." सात वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, बारीक आहे. ती बरं म्हणाली आणि पाने घेऊन बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी उठली नाही. तेल निथळून काढलं, बोल्ट क्रमाने कापडावर मांडले, बाजूचं कव्हर काढलं, गिअर एकेक करून बाहेर आले, नवे कोरे, चकचकीत, अजून दातांना दात नीट लागलेलेही नाहीत. कडेला साहेब, हिशेबनीस आणि दोघं-तिघं उभे होते. कानसेन हात मागे बांधून उभा होता आणि प्रत्येक सुटा भाग कापडावर येताना बघत होता. एवढी चांगली गाडी, आपल्यामुळे हिचा हा तमाशा झाला. त्याला ते सहन होईना.

ताईने बेअरिंग पुसून उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. तिच्या कपाळावर घाम होता. काहीच सापडत नव्हतं आणि तिला त्याची लाज वाटत होती, हे स्पष्ट दिसत होतं. तेव्हा त्याने बोलायचं ठरवलं. "ताई, ठेव ते," तो म्हणाला. "तिला काही झालेलं नाही. मला वळता आलं नाही."

मग हिशेबनीस फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागे सगळेच. साहेबांनी तर डोळे पुसले. म्हणाले, तीस प्रदक्षिणा घालून झाल्या आणि यांना म्हणे वळता येत नाही. कुणीतरी म्हणालं, जबडा काढायला विसरले असतील. कानसेन पुन्हा म्हणाला, खरंच सांगतोय, मी वळणाआधी डोळे मिटले. त्यावर हशा आणखी वाढला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. बाई दोन तास घाम गाळतेय म्हणून तिला जरा हसवायला बघताय होय, म्हणाले. त्याने आणखी एकदा तोंड उघडलं, पण आता सांगायला दुसरे शब्दच उरले नव्हते, होते ते सगळे वापरून झाले होते.

"थांबा," ताई म्हणाली. ती हसत नव्हती. तिने बेअरिंगच्या आतल्या कडीवर नखाचं टोक ठेवलं होतं. तिथे केसाइतकी बारीक रेघ होती. अशी रेघ नव्या कोऱ्या दर दुसऱ्या बेअरिंगवर असते, पॉलिशची, आणि तिने काहीही बिघडत नाही. कानसेनला ते ठाऊक होतं, एरवी ताईलाही ठाऊक असायचं. पण तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. आजारातून उठलेल्या माणसाला भूक लागावी तसा. "हीच ना?" तिने विचारलं आणि उठून बेअरिंग त्याच्या कानाशी धरलं, बोटाने फिरवलं. साहेबांनी सगळ्यांना हात करून गप्प केलं. बेअरिंग फिरत होतं, तेलातून, रेशमासारखं, त्यातून कसलाही आवाज येत नव्हता. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "मला आता येतोय ऐकू," ती म्हणाली. "हाच ना तो, कानसेनकाका?"

"हाच," कानसेन म्हणाला.

तिने ते बेअरिंग बादच्या डब्यात टाकलं, साहेबांनी बाकीच्या एकोणचाळीस गाड्या उघडायला सांगितल्या, आणि ताईने हात पुसून दुसरी गाडी ओढून घेतली.